जर्मनीतले चारपैकी चार

नेरच्या बसस्टँडसमोर, रसवंतीला लागून, गोपालराव गावंडे यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. गावात कोणाचा वाढदिवस असो, कोणाची सोसायटीवर निवड होवो की कोणाची तेरवी असो, ती आधी गोपालरावांच्या मशीनमधून बाहेर पडते आणि मग चौकात लागते. चौकात लागली नाही तर ती गोष्ट घडली असं नेरमध्ये कोणी धरत नाही. अशा माणसाच्या घरी नयन जन्माला आली. तेव्हा तिची हुशारी झाकून ठेवायची सोय पहिल्या दिवसापासूनच नव्हती.

बालवाडीत वेशभूषा स्पर्धेत तिचा तिसरा नंबर आला, तेव्हा पहिला फ्लेक्स लागला. स्पर्धेत मुलं तीनच होती, पण ही माहिती फ्लेक्सवर बसत नव्हती. पुढे दहावीत शहाण्णव पूर्णांक चाळीस टक्के पडले, तेव्हा तर बापाने दशांश चिन्हानंतरचे आकडे आधीच्या आकड्यांपेक्षा मोठे छापले. लोक दोन-तीन दिवस 'चाळीस टक्क्यांचं काय कौतुक' असं विचारत होते.

नयनचा अभ्यास मात्र खरोखर कडक होता. ती धडा वाचत नसे, गिळत असे. प्रश्नपत्रिका हातात पडली की पहिले दोन शब्द बघायची आणि पूर्ण उत्तर ओकून मोकळी व्हायची. प्रश्न शेवटपर्यंत वाचणं तिला वेळेचा अपव्यय वाटे. पुसदला तिने वस्त्र अभियांत्रिकी केली, तिथेही पहिली आली. आजूबाजूला सगळं कापूसच कापूस, त्यामुळे ही शाखा तिने आवडीने घेतली असेल असं लोकांना वाटे. कापूस मात्र तिने आयुष्यात हातात धरला तो दिवाळीच्या वाती वळायला.

गल्लीत टक्क्यांचे सगळ्यांत मोठे जाणकार होते निवृत्त मुख्याध्यापक पुंडलिकराव मानकर. सरांना माणसं चेहऱ्याने कमी आणि टक्क्यांनी जास्त लक्षात राहत. कोणाच्या मयतीला गेले तरी परत येताना म्हणत, "चांगला होता बिचारा. चोपन्न टक्के." त्यांचा मुलगा अमेरिकेत शिकून तिकडेच राहिला होता. त्याला चारपैकी तीन पूर्णांक सात मिळाले होते, आणि हा आकडा नेरमधल्या दुधवाल्यालाही पाठ होता. अमेरिकेत चारच्या वर गुणच देत नाहीत, हे सरांनी प्रत्येकाला एकदा तरी समजावून सांगितलं होतं. गोपालरावांना तर आठवड्यातून एकदा.

नयनने पुढे शिकायला जर्मनीला जायचं ठरवलं तेव्हा सर म्हणाले, "जर्मनी ठीक आहे. अमेरिका जमत नाही त्याने जर्मनी करावं." गोपालरावांनी ते हसत ऐकून घेतलं आणि पोटात ठेवलं.

जर्मनीत आकडे उलटे चालतात, हे नयनला माहीत नव्हतं असं नाही. नागपूरच्या सल्लागाराने तिचे पुसदचे गुण एका सूत्रात घालून त्याचे एक पूर्णांक चार करून दिले होते. एक म्हणजे सगळ्यात वर, चार म्हणजे कसाबसा पास, पाच म्हणजे नापास. तिने हे सूत्रही पाठ केलं. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, तसंच हेही, असं म्हणून सोडून दिलं. आपला आणि चारचा कधी संबंध येईल हे तिच्या मनातही आलं नाही. आजवर तिची ओळख फक्त वरच्या आकड्यांशी होती, आणि वरचे आकडे तिला सोडून जातील असं त्यांचंही वागणं नव्हतं.

पहिल्या सत्राच्या शेवटी सुताच्या विषयाची परीक्षा तोंडी होती. समोर प्रोफेसर लिंडनर नावाच्या बाई, बाजूला नोंदी घेणारा एक गप्प तरुण, मध्ये टेबल. टेबलावर सुताच्या दोन गुंड्या ठेवलेल्या.

"यातल्या कोणत्या सुताचा तुम्ही शर्ट विणाल?" बाईंनी विचारलं. "आणि का?"

नयनने 'सूत' हा शब्द ऐकला आणि नळ सुटावा तशी सुटली. पीळ म्हणजे काय, त्याची व्याख्या, त्याचं सूत्र, सूत्रातल्या प्रत्येक अक्षराचा अर्थ, पिळाचे प्रकार, प्रकारांचे उपप्रकार. मध्ये श्वास घ्यायला थांबली तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "हो, हे पुस्तकात आहे. पुस्तक मीच लिहिलंय. तुम्ही ही गुंडी हातात घ्या ना."

नयनने गुंडी हातात घेतली. आता पुढे काय करायचं असतं ते तिला कळेना. तिने ती उलटी करून पाहिली. तिथेही काही लिहिलेलं नव्हतं.

"काय वाटतं?" बाई म्हणाल्या.

आजवर कोणत्याही परीक्षेत कोणी नयनला 'काय वाटतं' असं विचारलं नव्हतं. परीक्षेत वाटतं का कधी काही? ती पुन्हा पिळाच्या व्याख्येकडे गेली. बाईंनी तिला तिथून परत आणलं. ती सूत्राकडे पळाली. तिथूनही आणलं. शेवटी तिने डाव्या गुंडीकडे बोट दाखवलं आणि "ही" म्हणाली. का, ते सांगता आलं नाही.

तिला थोडा वेळ बाहेर बसवलं, मग आत बोलावलं. बाई उभ्या राहिल्या, हात पुढे केला आणि अगदी प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, "चार. अभिनंदन, तुम्ही पास झालात."

नयनला वाटलं, बाई टोमणा मारताहेत. पण तो देश टोमण्यांचा नव्हता. बाई मनापासून अभिनंदन करत होत्या.

"मी परत परीक्षा देऊ शकते का?" तिने विचारलं. "गुण सुधारायला?"

"कशाला?" बाईंना खरंच नवल वाटलं. "पास झालात की! नापासांना परत बसता येतं. पास झालेल्यांना नाही."

हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात आर्णीचा अश्वजित वरणाला फोडणी देत होता. तो तिच्याहून एक वर्ष पुढे होता, शिष्यवृत्तीवर आलेला, आणि या देशाचे सगळे नियम त्याला स्वतःच्या अंगावर झेलून माहीत झाले होते. नयनचा चेहरा पाहून त्याने गॅस बारीक केला.

"किती?"

"चार."

"अरे अरे," अश्वजित हळहळला. "पाच तरी पाडून घ्याचा होता."

"दादा, नापास व्हायला पाहिजे होतं?"

"मंग? तयारी झाली नसन तं परीक्षेले जाच नसते इथं, आधीच नाव मागं घ्याचं. गेली, तं मंग पूरं पडाचं. पडलं की पुन्हा चान्स भेटते. तू ना वर राह्यली ना खाली पडली. अर्धवट लोंबकळून राह्यली. आता हा चार तुह्या कागदावर जन्मभर राहीन."

"मला कोणी सांगितलंच नाही हे."

"मलेही नव्हतं सांगितलं. माह्याजवळ दोन हायेत चार." त्याने वाटीत वरण ओतून तिच्यापुढे सरकवलं. "जेव आधी."

नापास झाल्यावर संधी आणि पास झाल्यावर शिक्षा, असा कायदा करणाऱ्या देशाने जगाला मोटारी बनवून दिल्या, याचं नयनला त्या जेवणभर आश्चर्य वाटत राहिलं.

घरी फोन करायचा धीर तिला दुसऱ्या दिवशी झाला. गोपालराव दुकानात होते, मागे मशीन करकरत होतं. त्या दिवशी कुठल्याशा पतसंस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस छापून होत होता.

"बाबा, पास झाली मी," ती म्हणाली. "चार आला."

"किती?"

"चार."

पलीकडे मशीन बंद झाल्याचा आवाज आला. बापाने मशीन बंद करावं म्हणजे गोष्ट गंभीर होती. "चार?" गोपालराव जवळजवळ ओरडले. "पूरे चार?"

नयनला रडू फुटलं. बापाला धक्का बसला असं समजून तिने "मी मग बोलते" म्हणत फोन ठेवला. पोरीला आनंदाने बोलवेना, असं गोपालराव समजले. त्यांच्या डोक्यात इतकी वर्षं ऐकलेला तीन पूर्णांक सात फिरत होता.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून ते तसेच चपला घालून पुंडलिकराव सरांकडे गेले. "सर, चारच्या वर खरंच गुण नसते ना तिकडं?"

"नसतात," सर पेपर वाचता वाचता म्हणाले. "किती वेळा सांगू?"

"मंग आपल्या नयनले चार भेटले."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. जर्मनीचं वेगळं असू शकेल ही शंका त्यांच्या ओठापर्यंत आली असणार. पण 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांनी बदलीच्या गावीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. "उत्तम," ते कष्टाने म्हणाले. "युरोपात तपासणी जरा सैल असते, पण उत्तम."

दुसऱ्या दिवशी सकाळी नयनला फॅमिली ग्रुपवर फोटो आला. बसस्टँडसमोर, दोन खांबांच्या मध्ये, ती स्वतः. टाळ्या वाजवणाऱ्या हातांच्या वर, फुलांच्या कमानीखाली, 'जर्मनीत चारपैकी चार! नेरच्या कन्येने युरोप जिंकले!' कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून सव्वीस माणसांचे फोटो, त्यातले निम्मे गॉगल लावलेले. मागे झेंडा.

अश्वजितने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. "झेंडा बेल्जियमचा हाय," तो म्हणाला. मग तो हसू दाबत राहिला, कारण नयन रडत होती.

तिने लगेच बापाला फोन लावला. फोन आईने, मैनाबाईंनी उचलला. "तुह्ये बाबा पेढे वाटाले गेले. दारव्ह्याहून निरोप आला वो, पोट्टा बँकेत हाय. दिग्रसचंही एक हाय. कालपासून रामीबाई तीनदा येऊन गेली." रामीबाई म्हणजे गल्लीतल्या सगळ्या लग्नांचं मूळ कारण.

"आई, ते चार म्हणजे..."

"पुरे नं आता चारचं! बाबाईनं डोकं उठवलं. सत्कार हाय म्हणे रविवारी. तुले त्या मोठ्या पडद्यावर दाखवणार हायेत. चांगले कपडे घाल."

नयनने त्या आठवड्यात तीन वेळा सांगायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा बाप म्हणाले, "बोल, पण लवकर बोल, शालीवाल्याकडं उभा हाय." दुसऱ्यांदा फोन स्पीकरवर होता आणि भोवती माणसं होती. तिसऱ्यांदा त्यांनी फोन उचलल्या उचलल्या विचारलं, "बेटा, जर्मन भाषेत 'सत्कारमूर्ती'ले काय म्हणते? खाली छापाचं होतं." तिला शब्द येत नव्हता. तिच्यापुढे वेगळाच प्रश्न होता.

"सांगून टाक," अश्वजित म्हणाला.

"बाबांची मान खाली जाईल."

"नाही सांगशील तं तुही वाकन. कोनाची वाकवाची ते ठरव."

रविवारी मंगल कार्यालयाच्या लहान हॉलमध्ये सत्कार झाला. अध्यक्ष पुंडलिकराव मानकर. समोर दहावीची मुलं आणून बसवली होती. 'चारपैकी चार कसे मिळवावेत' या विषयावर नयन त्यांना मार्गदर्शन करणार होती. गोपालराव आणि मैनाबाई खांद्यावर शाली घेऊन घामाघूम बसले होते. पडद्यावर नयन उगवली तेव्हा टाळ्या झाल्या, मग आवाज येईना, मग आवाज आला आणि चित्र गेलं. शेवटी दोन्ही एकदम आलं.

"सगळ्यांना नमस्कार," नयन म्हणाली. घसा खाकरला. "मला एक सांगायचं आहे. इथे गुण उलटे असतात. एक म्हणजे सर्वांत चांगला. पाच म्हणजे नापास. चार म्हणजे अगदी काठावर पास. मी काठावर पास झाले आहे. मला त्या बाईंनी विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. माझं कौतुक करू नका."

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

पुंडलिकराव सर त्या क्षणी मोठ्या पेचात होते. पोरगी खरं बोलत असेल तर त्यांच्या मुलाचे तीन पूर्णांक सात पुन्हा गावात पहिले होणार होते, ही गोष्ट गोड होती. पण मग चारच्या वर गुण नसतात हे छातीठोक सांगणारे पुंडलिकराव भर हॉलमध्ये अडाणी ठरणार होते. मुलाची कीर्ती की स्वतःची? सरांनी फार वेळ लावला नाही. मुलगा काय, अमेरिकेत होता. ते उठून उभे राहिले.

"याला म्हणतात विनय!" ते गरजले. "मुलांनो, पाहून घ्या! चारपैकी चार मिळवूनही ही मुलगी म्हणते, मी काठावर पास झाले. आणि तुम्ही? साठ टक्क्यांत मोटरसायकल मागता!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. नयन पडद्यावरून "अहो, नाही, खरंच," असं म्हणत होती, पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही. आणि ज्यांना ऐकू गेलं त्यांना ते आणखीच विनयाचं वाटलं. खरं बोलून सुटका होते असं तिला शाळेत शिकवलं होतं. शिकवणारे पुंडलिकराव सरच होते.

गोपालराव मात्र टाळ्या वाजवत नव्हते. पोरीच्या आयुष्यातल्या प्रत्येक यशाचा फोटो त्यांनी स्वतःच्या हाताने कापून, उजळून, मोठा करून छापला होता. ती खुशीत असली की चेहरा कसा दिसतो आणि नसली की कसा, हे त्यांना पाठ होतं. पडद्यावरचा चेहरा खुशीतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्यांनी शिडी लावून फ्लेक्स उतरवला. चहावाल्याला म्हणाले, वाऱ्याने फाटला. वारा नव्हता. मग दुकानात बसून फोन लावला.

"खरं सांगत होती ना तू काल?"

"हो, बाबा."

"आपल्या हिशोबानं किती म्हणाचे मंग?"

"पन्नास. फार तर बावन्न."

गोपालरावांनी उतरवलेला फ्लेक्स पायाने बाकाखाली सरकवला. "मले दहावीत गणितात पस्तीस होते," ते म्हणाले. "तेही मास्तरनं दोन वाढवून देल्लेले. काहून रडतं? पन्नास लय होते."

नयन त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

"त्या बाईनं विचारलं काय होतं पण?"

तिने दोन गुंड्यांची हकिकत सांगितली. गोपालरावांनी ती लक्ष देऊन ऐकली. त्यांनाही उत्तर माहीत नव्हतं. "जाऊन विचार ना तिलेच," ते म्हणाले. "आपल्याकडं विचारलं तं मास्तर मारते. तिकडं मारत नसन."

ती गेली. बाईंनी मारलं नाही, उलट तिला कताईच्या प्रयोगशाळेची किल्ली मिळवून दिली. पुढचं सत्र नयनने पुस्तक मिटून मशीनपाशी काढलं. सूत तुटलं की ते का तुटलं हे आधी मशीनला, मग प्रयोगशाळेतल्या माणसाला आणि शेवटी स्वतःला विचारायची. सुरुवातीला तिला प्रत्येक वेळी व्याख्या आठवे. हळूहळू व्याख्या आठवायच्या आधी बोटांना काहीतरी कळायला लागलं, आणि हे प्रकरण तिला इतकं नवीन होतं की तिने ते कोणाला सांगितलंही नाही. ज्या विषयाची तयारी झाली नव्हती त्या परीक्षेतून तिने वेळेवर नाव मागे घेतलं. पुसदला असं केलं असतं तर दारात रुग्णवाहिका यावी तसे लोक जमले असते.

कापडाच्या विषयाची तोंडी परीक्षा पुन्हा लिंडनरबाईंकडेच होती. बाईंनी एक चुरगळलेला तुकडा पुढे केला. नयनने तो ताणला, उजेडाला धरला, कडेचा एक धागा उसवून बोटांत फिरवला आणि म्हणाली, "मला वाटतं, यात उभा ताणा चांगला आहे, पण आडवा बाणा स्वस्तातला घेतलाय. धुतल्यावर हा वाकडा होईल." बाईंनी विचारलं, का. तिने सांगितलं. मग बाईंना ते पटलं नाही, त्यांनी वाद घातला, नयननेही घातला. बाहेर येताना तिला वाटलं, गेला विषय. परीक्षकाशी वाद घातला म्हणजे काय उरलं?

एक पूर्णांक तीन आला.

या वेळी तिने फोन करून आधीच सगळं समजावलं. गोपालरावांनी ऐकलं, त्यांना हर्ष झाला, फ्लेक्स लावायचा नाही असं ठरवलं, आणि मग राहवलं नाही म्हणून चहाच्या टपरीवर सांगून टाकलं. नेरने हिशोब मांडला. चारवरून एक पूर्णांक तीन! सहा महिन्यांत!

संध्याकाळपासून माणसं घरी येऊ लागली. कोणी मैनाबाईंचा हात हातात घेऊन बसलं. कोणी म्हणालं, परदेशाची हवाच तशी. पुंडलिकराव सर स्वतः आले, खुर्चीत बसले आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "गोपालराव, खचू नका. डोक्यात हवा गेली की असं होतं. आमच्याने तीन-सात शेवटपर्यंत टिकवले, कारण आम्ही त्याचं कौतुक केलं नाही."

"सर, तिकडं उलटं असते जी," गोपालराव म्हणाले. "तिनं सांगितलं होतं त्या दिवशी."

"बापाचं मन आहे," सर म्हणाले आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

दारव्ह्याच्या बँकवाल्याकडून निरोप आला की पोरगा सध्या लग्नाचा विचार करत नाही. दिग्रसवाल्यांनी तेवढाही निरोप पाठवला नाही. रामीबाई गल्लीतून जाताना मैनाबाईंना पाहून दुसऱ्या बाजूने जाऊ लागल्या. हे सगळं आईने फोनवर हळहळत सांगितलं तेव्हा नयनने ते दोनदा सांगायला लावलं. गेले कित्येक महिने आठवड्याला एक बायोडेटा वाचायची शिक्षा तिला होती, ती एका गुणपत्रिकेने माफ केली होती. जर्मन पद्धतीत काही तथ्य असावं असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाटलं.

पुढच्या दोन सत्रांत तिचे आकडे आणखी खाली गेले, आणि नेरमधली तिची किंमतही त्यांच्याबरोबर जात राहिली. प्रबंधाला एक मिळाला. मैनाबाईंनी तो आकडा शेजारी कोणाला सांगितलाच नाही, उगीच कोणी जेवायचा डबा घेऊन येईल म्हणून.

एका सूत तपासणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागली, हे तिने बापाला कळवलं तेव्हा गोपालराव खुर्चीतून उठून उभे राहिले. मग त्यांनी मशीन बंद केलं, फोन कानाशी घट्ट धरला आणि आवाज खाली आणून विचारलं, "पगार तं जास्त तो चांगला असते ना, बेटा? का तोही उलटाच?"